आप्त कोण? कुलवृत्तांत आणि त्यांची पुनर्मुद्रणे

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने कुलवृत्तांतांवर बोलायचं ठरवलं की ऐकणारे दोन तर्क करतात. एक, म्हातारपण आलं, आता याला पूर्वज आठवायला लागले. दुसरा, याच्या कुळाचं पुस्तक निघतंय आणि शेवटी वर्गणीची पावती पुढे येणार. दोन्ही तर्क खोटे आहेत. गेली काही वर्षं माझ्याकडे ही पुस्तकं प्रस्तावनेसाठी येतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कुलवृत्तांत असतो, प्रती संपलेल्या असतात, उरलेल्या एकीची पानं हात लावला की तुटतात. कुळातली चार उत्साही माणसं पैसे जमवतात, स्वतःच प्रकाशक होतात आणि ‘सुधारित व वाढीव आवृत्ती’ काढतात. आज मला बोलायचंय ते ‘सुधारित’ या शब्दाबद्दल. माझी तक्रार तिथे आहे.

आधी पुस्तक कसं असतं ते सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत तरुण मंडळी आहेत आणि त्यांनी ते बहुधा आजोळच्या कपाटात लांबूनच पाहिलं असेल. सुरुवातीला सह्याद्रिखंड, परशुराम, समुद्र मागे हटवणं वगैरे. ही प्रकरणं एका पुस्तकातून दुसऱ्यात इतक्या निष्ठेने उतरवलेली असतात की कुळ बदललं तरी वाक्यं बदलत नाहीत. सह्याद्रिखंडाची संहिता गोव्यात जन्मलेल्या डॉ. गर्सन द कुन्हांनी १८७७ साली मुंबईत छापली. त्यानंतर ती संशोधकांच्या हाती आली तशी कुलाभिमान्यांच्याही आली. पुढे गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव. मग घराण्यांना क्रमांक देऊन नोंदी: नाव, जन्म, शिक्षण, नोकरी कुठे, बायकोचं माहेरचं नाव, तिचे वडील कुठले, मुलगे किती, मुली कोणाकडे दिल्या. शेवटी देणगीदारांचे फोटो, दोन कोरी पानं आणि शुद्धिपत्र. शुद्धिपत्र हे मला या पुस्तकांतलं सर्वांत विश्वासार्ह प्रकरण वाटतं, कारण संपादकाने नक्की काय तपासलं हे तेवढ्याच जागी कळतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः चित्पावन घराण्यांत, अशी पुस्तकं मोठ्या संख्येने निघाली. लिहिणारे बहुतेक निवृत्त शिक्षक, कारकून, पोस्टमास्तर. त्यांनी घरोघर छापील तक्ते पाठवले, उत्तर नाही आलं तर स्मरणपत्रं पाठवली, आणि तरीही नाही आलं तर एसटी नसलेल्या काळात बैलगाडीने जाऊन दारात उभे राहिले. या माणसांविषयी मला आदर आहे, आणि पुढे मी जे बोलणार आहे ते त्यांच्या विरोधात नाही. शिकागो विद्यापीठाच्या मॉरीन पॅटर्सन या विदुषीने चित्पावनांच्या कुलवृत्तांतांवर एक निबंध लिहिला, तो १९६८ साली एका ग्रंथात आला. आपल्याकडे ज्या पुस्तकांना ‘घरगुती’ म्हणून बाजूला ठेवलं जात होतं, त्यांत समाजरचनेचा आणि सामाजिक बदलाचा अभ्यास करण्याचं साधन आहे हे त्यांनी दाखवलं. कोण कोकणातून कधी निघाला, भिक्षुकी सोडून कोणत्या पिढीत कचेरीत गेला, मुलगी कोणत्या गावी दिली, हे एकेका ओळीत नोंदलेलं असतं. अशा हजारो ओळी एकत्र ठेवल्या की चित्र दिसायला लागतं.

आता माझ्या विषयाकडे. या ओळी खऱ्या कशावरून?

न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आपले पूर्वज आपण पाहिलेले नसतात, म्हणून प्रत्यक्ष बाद. अनुमान थोडंफार चालतं. खरी भिस्त शब्दावर, म्हणजे कोणीतरी सांगितलं यावर. पण नैयायिक कोणाच्याही शब्दाला प्रमाण मानत नाहीत. तो आप्ताचा शब्द असावा लागतो. आणि आप्त कोण, तर ज्याला ती गोष्ट स्वतः नीट कळलेली आहे आणि जशी कळली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. दोन अटी. एक ज्ञानाची, दुसरी हेतूची. वात्स्यायन तर पुढे जाऊन म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपण जन्मावर नाही.

आणि मराठीत काय झालं बघा. मराठीत ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक. आप्तेष्ट, आप्तस्वकीय. लग्नपत्रिकेच्या तळाशी असतात ते. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र विश्वासार्ह माणसावरून घरच्या माणसावर घसरला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही, माणूस घरच्यांवर विश्वास ठेवतो. पण कुलवृत्तांत नावाचा सगळा वाङ्मयप्रकार या घसरणीवर उभा आहे. घरच्याने सांगितलं म्हणजे खरं, हे त्यात गृहीत आहे. वास्तविक स्वतःच्या घराण्याबद्दल घरच्या माणसाची पहिली अट पुष्कळदा पुरी होते, त्याला माहिती असते. दुसरी अटच अवघड जाते. आजोबांबद्दल जसं आहे तसं सांगायची इच्छा कोणाला असते?

हा हेतूचा प्रश्न आजचा नाही. वंशावळ हा प्रकार आपल्याकडे मुळात पूर्वजांच्या प्रेमातून आलेला नाही, तो हक्काच्या भांडणातून आलेला आहे. वतन कोणाचं, थोरला कोण, धाकटा कोण, मान कोणाचा, यावर गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, महजर लिहिला जायचा आणि त्यात पिढ्या सांगितल्या जायच्या. पुढे इंग्रजांनी १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या इनामदारांना आपलं इनाम कोणाला मिळालं आणि आपण त्याचे कोण, हे शाबीत करणं भाग पडलं. त्या धास्तीने किती वंशावळी नव्याने लिहिल्या गेल्या असतील याचा अंदाज करा. राजवाडे दारोदार हिंडून कागद गोळा करत होते, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ला आला, १९१०ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. घरातल्या दप्तराला किंमत असते हे यामुळे सुशिक्षितांना उमगलं, आणि कुलवृत्तांताची कल्पना त्याच हवेत वाढली. फरक एवढाच की राजवाड्यांना कागद हवा होता आणि कुलवृत्तांताच्या संपादकाला कागद नसला तरी चालत होतं. काका सांगतात ना, झालं.

याउलट नाशिकच्या किंवा त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या घ्या. यात्रेकरू आला की तो आपल्या हाताने नाव, गाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे लिहितो आणि तारीख घालतो. तो तिथे श्राद्धाला आलाय, जमिनीच्या दाव्याला नाही. किंवा गोव्यातल्या कॅथलिक घराण्यांचं पाहा. त्यांची वंशावळ चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या नोंदवह्यांवरून जुळवतात. ती नोंद करणारा पाद्री कुटुंबातला नाही, आणि नोंद त्या त्या वेळची आहे, पन्नास वर्षांनी आठवून केलेली नाही. इथे नात्याचे आप्त कमी पडतात आणि न्यायातले आप्त जास्त मिळतात.

आपला कायदाही जवळजवळ हेच म्हणतो, आणि मला त्याचं कौतुक वाटतं. १८७२च्या पुरावा कायद्यातलं ३२वं कलम, आता २०२३चा भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यात २६वं. मेलेल्या माणसाने नात्याबद्दल केलेलं विधान पुरावा म्हणून घेता येतं. वंशावळ, थडग्यावरचा लेख, कुटुंबाचं चित्र यांचाही तिथे उल्लेख आहे. पण घरच्या माणसाचं म्हणणं म्हणून ते सरसकट घेतलं जात नाही. ज्याचं विधान, त्याला ते नातं माहीत असण्याचं विशेष साधन असावं लागतं, आणि विधान वाद उत्पन्न होण्यापूर्वीचं असावं लागतं. पुन्हा त्याच दोन अटी. ज्ञान हवं, आणि स्वार्थाचा वारा लागायच्या आधीचं हवं. वात्स्यायन आणि इंग्रजी कायदा एकमेकांना कधी भेटले नव्हते.

म्हणून जुन्या कुलवृत्तांताची खरी किंमत त्याच्या तारखेत आहे. अमुक साली, अमुक संपादकाला, अमुक घरातून ही माहिती मिळाली. त्या वेळी आजचा वाद नव्हता. आणि आज वंशावळ परत कचेरीत गेलेली आहे हे विसरू नका. जात पडताळणीत वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते आणि जुना पुरावा कोणत्या दिवसाच्या आधीचा आहे याला महत्त्व असतं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. २०२३पासून कुणबी नोंदींचा शोध चालू झाला तेव्हा मोडी वाचणारी माणसं अचानक किती लागली ते आपण पाहिलं. त्या राजकारणात मी जात नाही. मला दाखवायचंय ते इतकंच की कोणती ओळ कधी लिहिली गेली, हा प्रश्न आता केवळ अभ्यासकाचा राहिलेला नाही.

आणि ‘सुधारित व वाढीव आवृत्ती’ नेमकं हेच पुसून टाकते.

एका कुळाच्या पुनर्मुद्रण समितीच्या बैठकीत मी बसलो होतो. कुळाचं नाव सांगत नाही. १९४०च्या दशकातलं पुस्तक होतं. त्यात एका माणसापुढे नोंद होती, मजकूर साधारण असा की तरुणपणीच परागंदा झाला, पुढचं काही समजत नाही. त्या शाखेतल्या आजच्या मंडळींचं म्हणणं पडलं की ही ओळ काढा, वाचायला बरं वाटत नाही. दुसऱ्या एका घराचं म्हणणं होतं की आमचे अमुक पूर्वज पानिपतावर होते, ते घाला. आधार विचारला. आजोबा सांगायचे. बरं. चहा यायच्या आत दोन्ही गोष्टी मंजूर झाल्या. एक ओळ गेली, एक आली.

आता या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. पहिली ओळ लिहिणाऱ्या संपादकाने चौकशी केली होती, उत्तर मिळालं नाही, आणि उत्तर मिळालं नाही असं त्याने छापलं. आपल्याला कळलं नाही ते कळलं नाही म्हणून लिहिणं, याहून आप्तवाक्याचा चांगला नमुना कुठे मिळणार? दुसरी ओळ म्हणजे १७६१ सालच्या लढाईत आपला माणूस असावा ही इच्छा. पानिपताचं एक बरं आहे, तिथे मेलेल्यांची हजेरी कोणी घेतलेली नाही, तेव्हा कोणालाही तिथे पाठवता येतं. नव्या आवृत्तीत ही ओळ जुन्या नोंदीला चिकटून, त्याच टायपात, त्याच परिच्छेदात छापली गेली. पन्नास वर्षांनी ते पान उघडणाऱ्याला वाटेल की १९४०च्या संपादकानेच हे शोधलं. म्हणजे ज्या माणसाने ‘समजत नाही’ असं लिहिण्याचा प्रामाणिकपणा दाखवला, त्याच्या तोंडी आपण थाप घातली. मी त्या पुस्तकाला प्रस्तावना दिली नाही. पुस्तक निघालं, संमेलनात वाटलं गेलं, कोणाचं काही अडलं नाही.

कोणी म्हणेल, घरगुती पुस्तकाला एवढे निकष कशाला? लोक हौसेने करतात, करू द्या. हौसेला माझी हरकत नाही. पण पुष्कळ घरांच्या बाबतीत हे पुस्तक हाच आता एकमेव कागद आहे. १९४८च्या जाळपोळीत घरांबरोबर दप्तरं गेली. १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठच्या वाड्यांतल्या पेट्या भिजून लगदा झाल्या. उरलेलं वाडा पाडताना रद्दीत गेलं. संपादकाने ज्या कागदावरून ओळ लिहिली तो कागद नाही, ज्या काकूने सांगितलं ती नाही, राहिली ती फक्त ओळ. म्हणून तिला हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा.

वाईट हेतू नसतानाही ओळी बिघडतात, तेही सांगायला हवं. हल्ली जुनं पुस्तक स्कॅन करून संगणकाकडून वाचून घेतात. यंत्राला घ आणि ध यांतला फरक दर वेळी कळतोच असं नाही, भ आणि म तसेच, ख चा सरळ रव होतो. धोंडोपंतांचे घोंडोपंत झालेले मी पाहिले आहेत. हे निदान हसू येऊन लक्षात येतं. देवनागरी १ आणि ९ यांची अदलाबदल झाली तर हसूही येत नाही. माणूस बापाच्या आधी जन्मतो, आणि कोणी तपासत नाही, कारण वंशावळ वाचताना प्रत्येकजण फक्त स्वतःचं नाव शोधतो. त्यात शकाचा घोळ. जुन्या नोंदी शके आणि तिथीने असतात. समितीतला एखादा हुशार भाचा सगळीकडे ७८ मिळवून इसवी सन घालतो. पण इसवी सन पौषाच्या आसपास बदलतो, म्हणून माघातल्या किंवा फाल्गुनातल्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. शके १७८२च्या माघात जन्मलेला माणूस १८६१चा असतो, १८६०चा नाही. मराठेशाहीतल्या कागदांत सुहूर सन असतो, त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, आणि तो बदलतो मृगाला. हे सगळं करू नये असं नाही. मूळ तिथी तशीच ठेवून शेजारी चौकटी कंसात इसवी सन द्यावा, म्हणजे चुकलं तरी पुढच्याला दुरुस्त करता येईल. मूळ काढून टाकलं की दुरुस्तीची वाटच बंद होते.

आता मुलींकडे येतो. इथे मला जुन्या पुस्तकांचीही बाजू घेता येत नाही, आणि नव्यांची तर अजिबातच नाही.

कुलवृत्तांताचं व्याकरण असं आहे की मुलगा ‘होतो’ आणि मुलगी ‘दिली’ जाते. ‘दिली’ या क्रियापदाजवळ तिची ओळ संपते. तिची मुलं दुसऱ्या कुळाच्या पुस्तकात. ज्याला तीन मुली झाल्या, त्या माणसापुढे ‘निपुत्रिक’ लिहून वंश थांबतो. वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पुत्र नव्हता. पण वाचणाऱ्याच्या मनात घर ओसाड होतं, आणि त्या घरात तीन पोरी खेळत होत्या. एक गोष्ट मात्र जुन्या संपादकांच्या खात्यावर जमा केली पाहिजे. सुनेचं माहेरचं नाव, तिचे वडील, तिचं गाव, हे ते कसोशीने लिहीत. लग्नात मुलीचं नावच बदलायचं अशी आपली रीत, म्हणजे बाईचा माग काढायचा तर तिथेच धागा तुटतो. तो धागा पुष्कळदा याच पुस्तकांत सापडतो.

एक सर्वांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. गोदूबाई. जन्माने जोशी. लहानपणी नातूंच्या घरी लग्न झालं आणि लगेच वैधव्य आलं. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. मुरूड गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं. आता कुलवृत्तांताच्या रीतीने या बाईंची नोंद करायची म्हटलं तर काय होईल? जोशी कुळाच्या पुस्तकात त्या ‘दिलेली’ मुलगी. नातू कुळाच्या पुस्तकात एका अल्पायुषी मुलाची बायको. कर्वे कुळाच्या पुस्तकात द्वितीय पत्नी. तीन पुस्तकं, तीन ओळी, प्रत्येक ओळ खरी, आणि तिन्ही एकत्र वाचल्या तरी ती एकच बाई आहे हे कळेल याची खात्री नाही. तिचं आयुष्य ज्या घटनेमुळे इतिहासात गेलं ती घटना एका तक्त्याच्या शेवटाला आणि दुसऱ्याच्या मध्ये कुठेतरी पडते. सुदैवाने त्यांनी ‘माझे पुराण’ सांगून ठेवलं. ज्यांनी सांगून ठेवलं नाही अशा किती असतील?

आता कोणी म्हणतं, सर, आम्ही नव्या आवृत्तीत मुलींनाही घेतलं. बघतो तर मुलींचे रंगीत फोटो आहेत, एमएस, पीएचडी, कॅलिफोर्निया, आणि पुढे पुन्हा तेच, वंश थांबलेला. २००५च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायाद झाली, २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. इस्टेटीत ती कुळातली आहे आणि पुस्तकात नाही, ही आपली स्थिती. मुलींच्या मुलांना घेतलं तर पुस्तक संपणारच नाही, असं संपादक म्हणतात. खरं आहे, संपणार नाही. चार पिढ्यांत माणसाला सोळा खापरपणजोबा-खापरपणज्यांचं रक्त येतं अशी बढाई मारायची आणि नाव एकाच पुरुषाचं लावायचं, हे कागद वाचवण्याच्या सोयीसाठी केलं तर समजू शकतो. पण मग प्रस्तावनेत तसं स्पष्ट म्हणा. ‘जागेअभावी’ हा शब्द वापरा. ‘आमचे संपूर्ण कुल’ म्हणू नका.

अजून एक बाजू आहे, तिच्याबद्दल थोडक्यात बोलतो. हे सगळं ज्यांच्या घरी कागद होता त्यांच्याबद्दल झालं. वतन नाही, इनाम नाही, महजरात नाव आलं तर निशाणीपुरतं, अशा घरांचं काय? त्यांच्या बाजूने मराठीत कौटुंबिक इतिहास आला तो वेगळ्या वाटेने. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं. बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’. आणि नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’, १९९३चं, हे तर शीर्षकापासूनच कुलवृत्तांत आहे. बाप आणि त्याची मुलं. आपण त्यांना आत्मकथनं म्हणून वेगळ्या कपाटात ठेवतो. मी ती कुलवृत्तांतांच्या शेजारी ठेवीन, कारण त्यांत कोण बोलतोय आणि कशावरून बोलतोय हे प्रत्येक पानावर दिसतं. बापाने सांगितलं, आईने असं सांगितलं, हे मी पाहिलं. पूर्वज पानिपतावर होते असं त्यांतल्या कोणाला म्हणावं लागलं नाही.

मग पुनर्मुद्रण करू नये का? जरूर करावं, आणि लवकर करावं, कागद थांबणार नाही. माझी मागणी साधी आहे. जुनं पुस्तक जसंच्या तसं छापा. चुकांसकट, सह्याद्रिखंडासकट, न आवडणाऱ्या नोंदींसकट, देणगीदारांच्या फोटोंसकट. त्याच्या पानांचे क्रमांकही बदलू नका. नवीन जे काही असेल ते दुसऱ्या भागात, वेगळ्या बांधणीत, आणि प्रत्येक नोंदीखाली कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कागद पाहिला की तोंडी ऐकलं. पानिपत सुद्धा येऊ द्या, पण ‘घराण्यात अशी आठवण सांगतात, सांगणारे अमुक, वय अमुक’ असं येऊ द्या. आठवण म्हणून तिला किंमत आहेच. एखादं घराणं स्वतःला कुठे उभं करू पाहतं हे तिच्यातून कळतं. जुनी नोंद चुकीची निघाली तर दुसऱ्या भागात लिहा की चुकीची आहे आणि कशावरून. खर्च वाढतो म्हणाल, तर पूर्वी वाढायचा. आता पन्नास प्रतीही छापून मिळतात, मागणी आली की आणखी पन्नास. पूर्वीसारख्या पाचशे प्रती काढून कोणाच्या तरी माळ्यावर गठ्ठे ठेवायची गरज नाही.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी घाईने सांगतो, कारण समित्यांना त्या माहीत नसतात. कुळाचं पुस्तक म्हणजे कुळाची मालमत्ता असं सगळे धरून चालतात. तसं नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या वारसांकडे स्वामित्वहक्क असतो. १९५०चं पुस्तक आहे म्हणून मोकळं झालं असं समजू नका, संपादक वारले कधी ते बघा आणि त्यांच्या नातवंडांचं पत्र घ्या. दुसरं, जिवंत माणसांची पूर्ण जन्मतारीख, फोन, पत्ता, आईचं माहेरचं नाव, हे सगळं एका पीडीएफमध्ये घालून व्हॉट्सॲपवर सोडणं हा आता वेडेपणा आहे. बँका ओळख पटवायला हेच तर विचारतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालेला आहे. तो बाजूला ठेवला तरी, जिवंत माणसाला विचारून छापावं एवढी रीत आपल्याकडे असायला हरकत नाही. आणि ज्याने ‘माझं नाव नको’ म्हटलं, त्याची जागा कोरी सोडा, त्याला वंशातून उडवू नका.

तिसरं, आणि यावर मी जरा हट्टी आहे. पुस्तक छापल्यावर त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत पाठवायची, असा १९५४चा कायदा आहे. स्वतः पैसे घालून छापणारा माणूसही त्यात प्रकाशकच असतो. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो. एवढं करायला टपालखर्च आणि एक दुपार लागते, तरी कुलवृत्तांतवाले ते टाळतात. पुस्तक आपल्या माणसांसाठी आहे, बाहेरच्यांना काय करायचंय, असं म्हणतात. परिणाम असा की पुस्तक फक्त कुळाच्या कपाटांत राहतं आणि ज्या दिवशी फ्लॅट रिकामा होतो त्या दिवशी रद्दीवाल्याच्या काट्यावर जातं. पॅटर्सनबाईंना शिकागोत बसून जे वाचता आलं, ते आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात आपल्याला वाचता येऊ नये?

शेवटी, ज्यांच्या घरी सध्या तक्ते भरणं चालू आहे त्यांना एक काम सांगतो. तुमच्या छापील तक्त्यात नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय असे रकाने असतील. त्यात एक रकाना वाढवा: ‘माहिती देणाऱ्याचे नाव व त्याला ती कशावरून ठाऊक’. आणि तक्ता घेऊन जाल तेव्हा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातात देऊन परत येऊ नका, आत जाऊन म्हाताऱ्या बाईला विचारा. कोणाची मुलगी कुठे दिली, कोण बाळंतपणात गेली, कोणाचं मूल दुसऱ्याने वाढवलं, हे तिला पाठ असतं. ती तुमच्या कुळात जन्मलेली नसते. तक्त्यात तिच्या नावावर जेमतेम अर्धी ओळ असेल. तिचं नाव त्या नव्या रकान्यात पूर्ण लिहा, माहेरच्या नावासकट.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कोणीतरी हात वर केलेला दिसतोय.